त्रैराशिक : हिशेबाच्या पायऱ्यांचा वारसा

आपले वाडवडील बाजाराचा हिशेब मनातल्या मनात करीत, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु तो ते कोणत्या पायऱ्यांनी करीत, याचा विचार क्वचितच करतो.

त्रैराशिकाचा नियम इ. स. ४९९ मधील 'आर्यभटीया'त आढळतो. इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त त्याचे सविस्तर विवेचन केले. ज्ञात परिमाण ते 'प्रमाण', त्याचे मोल ते 'फल' आणि हवे असलेले परिमाण ती 'इच्छा'. फलास इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे. मात्र त्याआधी इच्छा वाढली असता फल वाढेल की घटेल, हे पाहावे. मजूर दुप्पट केले तर दिवस निम्मे लागतात. तेथे व्यस्त त्रैराशिक योजावे लागते.

एक जुना हिशेब घेऊ. चार शेर साखरेस चौदा आणे, तर अडीच शेरांस किती? प्रमाण चार, फल चौदा, इच्छा अडीच. अडीचकी मुखोद्गत असणारा तत्काळ म्हणे, चौदा अडीचे पस्तीस. पस्तिसाचा चौथा हिस्सा पावणेनऊ. आण्याचे पैसे चार. म्हणून उत्तर आठ आणे तीन पैसे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकून घेत, त्या याच कामासाठी.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे शेर जाऊन किलोग्रॅम आला. व्यवहार सोपा झाला आणि अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. आज उत्तर यंत्र देते. पण काय दिले आहे, काय हवे आहे आणि वाढेल की घटेल, हे तीन प्रश्न माणसानेच विचारावयाचे असतात. ते न विचारता मिळालेले उत्तर चुकले, तरी चूक कळत नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात, चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील इ. स. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखाचा अखेरचा भाग मराठीत असून, बाजारातील मालावरचे व तेलघाण्यांवरचे हक्क मठास दिल्याची नोंद त्यात आहे. ज्या गणिताने बाजाराचा हिशेब सुकर केला, त्याच्या अध्ययनास बाजारानेच हातभार लावला! पुढे इ. स. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने 'लीलावती' फारसीत नेली. भाषा बदलली, रीत तीच राहिली.

महाराष्ट्राबाहेर वाढणारी आपली मुले हिशेब हिंदीत करतील वा इंग्रजीत. त्यांना अडीचकी आली नाही तरी चालेल. सायंकाळी घरात परवचा होत नसेल, तर निदान वाण्याच्या बिलावरून त्यांना एक त्रैराशिक घालावे, आणि उत्तराआधी पायऱ्या विचाराव्यात.