तराजूत पडलेला सदरा

अमेरिकेत ‘गुडविल’ या संस्थेची जुन्या वस्तूंची तीन हजारांहून अधिक दुकाने आहेत. लोकांनी दान केलेला सदरा तेथे हँगरवर टांगला जातो आणि त्याला किमतीची चिठ्ठी लागते. काही आठवड्यांत त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर त्याची रवानगी संस्थेच्या ‘आउटलेट’मध्ये होते. तेथे हँगर नाही, चिठ्ठी नाही, मापांप्रमाणे लावलेल्या रांगाही नाहीत. चाकांवरच्या लांबट, उथळ पेट्यांत कपडे नुसते ओतलेले असतात. नेहमीचे ग्राहक या दुकानांनाच ‘बिन्स’, म्हणजे पेट्या, म्हणतात.

ठरावीक वेळाने जुन्या पेट्या आत नेल्या जातात आणि नव्या भरून येतात. त्या जागेवर लागेपर्यंत सर्वांनी मागे उभे राहायचे असा दंडक असतो. कर्मचाऱ्याने खूण केली की एकाच क्षणी वीस-पंचवीस हात ढिगात शिरतात. सरावलेली माणसे हातमोजे घालून येतात, कारण ढिगात फुटकी काचही निघू शकते. शेवटी भरलेली गाडी काट्यावर चढते आणि पौंडाप्रमाणे, म्हणजे दर ४५४ ग्रॅममागे, पैसे द्यावे लागतात.

या काट्याला कापडातले काही कळत नाही. तलम रेशमी झगा त्याच्या लेखी जवळजवळ फुकट आणि विटलेली जाड जीन्स महाग. आपल्याकडे जुन्या पैठणीची जर वजनावर विकली जाई. पण तेथे मोल होते ते जरीतल्या चांदीचे, लुगड्याचे नव्हे. अंगावर घालता येईल असा धडका कपडा रद्दीसारखा तोलायचा, ही कल्पना आपल्या खापरपणज्यांनाच नव्हे, तर बोस्टन-लंडनमधल्या त्यांच्या समकालीनांनाही चमत्कारिक वाटली असती.

कारण यंत्रयुगापूर्वी कपडा ही मालमत्ता होती. १६१६ मध्ये शेक्सपिअरने मृत्युपत्रात आपली बहीण जोन हिच्यासाठी वीस पौंडांबरोबर आपले सगळे कपडेही ठेवले. कपडे गहाण पडत आणि चोरीलाही जात. जुन्या कपड्यांच्या बाजारात प्रत्येक नग उलटसुलट पाहून त्याचा भाव ठरे. लंडनच्या पेटिकोट लेनमध्ये आणि न्यूयॉर्कच्या चॅटम स्ट्रीटवर हा व्यवसाय पुढे मोठ्या प्रमाणात ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता. त्यांना समाजाकडून तुच्छता मिळाली, तरी शिवणीवरून बोट फिरवून कोटाचे उरलेले आयुष्य सांगण्याची त्यांची नजर कोणाला नाकारता आली नाही.

तराजू होता तो चिंध्यांसाठी. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. तोवर कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून होई आणि चिंध्यांचा तुटवडा ही सरकारपुढची अडचण असे. १७७६ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने गावोगावी चिंध्या स्वीकारण्यासाठी माणसे नेमण्याची व्यवस्था केली. त्याच न्यू इंग्लंड प्रदेशात टिनची भांडी घेऊन फिरणारे फेरीवाले घरोघरच्या चिंध्या घेत, वजन करीत आणि बदल्यात भांडे देत. मराठी वाचकाला येथे दारावरची बोहारीण आठवल्यावाचून राहणार नाही. फरक मोठा आहे. बोहारीण तराजू आणत नाही. ती साडी उलगडून उजेडात धरते, पदर पाहते, विरलेली जागा नेमकी शोधते आणि मग एका पातेल्यासाठी आणखी दोन पँटी मागते. तिचा सौदा प्रत्येक नगाशी असतो. न्यू इंग्लंडचा फेरीवाला वजनावर येत होता, कारण त्याला पुढे कागदगिरणीशी व्यवहार करायचा होता.

लोकरीच्या चिंध्यांना कागदात जागा नव्हती. ती वाट १८१३ मध्ये निघाली. यॉर्कशरमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यात नवी लोकर मिसळून सूत काढले. या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. अमेरिकेच्या यादवी युद्धात कंत्राटदारांनी हलक्या शॉडीचे गणवेश सैनिकांच्या अंगावर चढवले. ते पावसात विरघळल्यासारखे फाटले आणि ‘शॉडी’ हा शब्द इंग्रजीत कायमचा निकृष्टतेला चिकटला. एका धंद्याचे नाव शिवी होऊन बसले.

आता गुडविलकडे. १९०२ मध्ये बोस्टनच्या साउथ एंड या गरीब, स्थलांतरितांनी गजबजलेल्या वस्तीत एडगर हेल्म्स हा मेथडिस्ट पाद्री काम करीत होता. तो सधन वस्त्यांतून गोणपाटाच्या पोत्यांत जुने कपडे आणि सामान गोळा करी. त्याआधी १८९० मध्ये साल्व्हेशन आर्मीचा संस्थापक विल्यम बूथ याने लंडनच्या घराघरांतले टाकाऊ सामान गोळा करून त्यावर बेकारांना काम देण्याची योजना पुस्तकात मांडली होती. हेल्म्सची व्यवस्था त्याच जातकुळीची. गोळा झालेले कपडे गरिबांनीच धुवायचे, शिवायचे, रफू करायचे. त्या कामाची मजुरी घ्यायची. आणि दुरुस्त झालेला माल स्वस्तात विकायचा. ‘गुडविल’ हे नाव नंतर ब्रुकलिनमधल्या अशाच एका कार्यशाळेकडून आले.

येथे थोडे थांबले पाहिजे. हेल्म्सच्या योजनेत कपड्याइतकेच महत्त्व होते कपड्यावर फिरणाऱ्या हाताला. फाटका कोट ही अडचण नव्हती. तीच सोय होती, कारण कोट फाटका होता म्हणून शिवणारीला चार पैसे मिळत. गुडविल आजही दुकानांच्या उत्पन्नातून रोजगार-प्रशिक्षण चालवते. पण आउटलेटच्या पेटीत पडलेल्या सदऱ्यावर सुई चालवणारे कोणी नसते. त्याची घडी घालण्याची मजुरीदेखील त्याच्या किमतीतून निघत नाही. पेटीत पडला तो सदरा फाटलाच असेल असे नाही. पगारी माणसाने त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहावे इतकी त्याची किंमत राहिलेली नसते, एवढेच. मग ते पाहण्याचे काम ग्राहकाकडे येते. निवडणे, झटकणे, डाग शोधणे, बटणे मोजणे हे सगळे तो स्वतः आणि बिनमोबदला करतो. पौंडाचा दर स्वस्त दिसतो तो बराचसा यामुळे.

ही स्थिती कपड्यांच्या महापुराने आणली. १९३९ च्या अमेरिकन कायद्याने पुनर्वापराच्या लोकरीचा उल्लेख लेबलवर सक्तीचा केला आणि शॉडीची उरलीसुरली पत गेली. युद्धानंतर पॉलिएस्टर आले. मिश्र धाग्यांचे कापड पिंजून चांगले सूत निघेना. पुढे शिवणकाम आशियात गेले आणि नवा सदरा इतका स्वस्त झाला की जुन्याला भाव उरला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशोबानुसार २०१८ या एका वर्षात कपडे, पादत्राणे, चादरी वगैरे मिळून सुमारे १ कोटी ७० लाख टन माल टाकाऊ ठरला. त्यातला १४.७ टक्के पुनर्वापरात गेला आणि १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरला गेला.

पेट्यांभोवती जमणारी माणसे एका प्रकारची नाहीत. पाच डॉलरांत मुलांचे हिवाळी कपडे पाहणारी आई असते आणि जुनी विणलेली लेबले ओळखून तो माल इंटरनेटवर दसपट किमतीला विकणारा तरुणही असतो. त्यांच्यात खटके उडतात. श्रीमंतांच्या हौसेमुळे गरिबांचे दुकान महागते, हा आक्षेप जुन्या कपड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणण्याची रीत पडल्यापासून ऐकू येतो. मात्र पुनर्विक्रेत्याला सरसकट खलनायक ठरवणे घाईचे होईल. पेटिकोट लेनवरची ती नगाला नग म्हणून पाहणारी नजर आज पुष्कळदा त्याच्याकडेच आढळते, आणि त्याने उचलले नाही तर तो कपडा तिथल्या अंगावर जाण्याऐवजी गासडीत जाण्याचीच शक्यता अधिक.

आउटलेटमध्येही जे उरते ते दाबून गासड्यांत बांधले जाते आणि पुन्हा वजनावर व्यापाऱ्यांना विकले जाते. काही गासड्या घानामधल्या आक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात उघडतात. तेथे या मालाला ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ अशा अर्थाचे नाव आहे. इतके कपडे जिवंतपणी कोणी टाकून देईल हे सुरुवातीला कोणाला खरे वाटले नसावे. २०२५ च्या जानेवारीच्या आरंभी हा बाजार आगीत मोठ्या प्रमाणावर जळाला आणि हजारो विक्रेत्यांचे भांडवल राख झाले.

पाश्चात्त्य देशांतल्या गासड्या गुजरातमध्ये कांडल्यालाही उतरतात. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या मुक्त व्यापार क्षेत्रात वर्गवारीचे कारखाने आहेत. बायका गासडीतला कपडा एकेक करून हातात घेतात, ताणून पाहतात, उजेडात धरतात आणि प्रतीप्रमाणे वेगवेगळ्या ढिगात टाकतात. बोस्टनमध्ये परवडेनासा झालेला हात येथे परवडतो. निवडलेला माल बहुतांशी पुन्हा परदेशी जातो, कारण घालण्याजोगे जुने कपडे परवान्यावाचून भारतीय बाजारात आणायला मनाई आहे. लोकरी माल चिंधी म्हणून आणता येतो. मात्र त्याआधी तो पुन्हा घालता येणार नाही अशा तऱ्हेने कापावा लागतो. धडक्या कोटाच्या पाठीत कात्री जाते, मगच तो पानिपतच्या गिरण्यांकडे निघतो. तेथे बटणे आणि चेन काढून त्याचे रंगाप्रमाणे ढीग लागतात, दातेरी यंत्रात तो पिंजला जातो, आणि बॅटलीच्या जुन्या रीतीने त्याचे सूत होऊन घोंगडी विणली जाते. पूर-भूकंपात मदत म्हणून वाटली जातात ती जाडीभरडी करडी ब्लँकेटे पुष्कळदा याच कापडाची असतात.