एकिन्सचे ‘स्विमिंग’: ओळखू येणारी माणसे

नग्न देह चित्रात आला की बोभाटा होणारच, अशी आपली समजूत असते. एकोणिसाव्या शतकातील व्यवहार निराळा होता. व्हीनस, जलपरी, ग्रीक वीर अशी नावे धारण करून नग्नता प्रदर्शनांत राजरोस मिरवत असे. पंचाईत होई ती समोरचा नग्न मनुष्य पाहणाऱ्याच्या ओळखीचा निघाला तर. टॉमस एकिन्स या अमेरिकी चित्रकाराचे १८८५ सालचे ‘स्विमिंग’ हे तैलचित्र, माझ्या मते, याच पंचाइतीत सापडले.

चित्र फार मोठे नव्हे. सुमारे ७० सेंमी उंच आणि ९२ सेंमी रुंद. फिलाडेल्फियाबाहेर, ब्रिन मॉरनजीक, ओढ्याला बांध घालून केलेले डव्ह लेक नावाचे तळे. त्यात शिरलेला दगडी कट्टा आणि सहा नग्न पुरुष. एक पहुडला आहे, एक पाठमोरा उभा आहे, एकाने पाण्यात सूर मारला आहे. चित्रकाराचा कुत्रा हॅरी पाण्यातच आहे. आणि उजव्या कोपऱ्यात, कट्ट्याकडे पोहत येणारा, खुद्द एकिन्स. उरलेल्यांत बहुतेक त्याचे विद्यार्थी. कोण कोणता, हे आजही नावानिशी सांगता येते!

एकिन्स पॅरिसला जेरोमच्या हाताखाली शिकून आलेला. पेनसिल्व्हेनिया अकादमीत तो विद्यार्थ्यांकडून शवविच्छेदनही करवून घेई. देह ठाऊक नसेल तर त्यावरची वस्त्रे तरी काय रंगवणार, असा त्याचा खाक्या. या चित्रासाठी तळ्याकाठी छायाचित्रे घेतली गेली. आधी एक वीतभर उंचीचा तैलरंगातील कच्चा आराखडाही झाला. तो आज वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात आहे.

चित्र करवून घेणारे एडवर्ड कोट्स हे अकादमीच्या शिक्षण समितीचे प्रमुख. आपल्याच संस्थेचा गुरू शिष्यांसमवेत विवस्त्र, हे त्यांच्या पदरी पडले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. अत्यंत सौजन्याने चित्र परत केले आणि बदल्यात ‘द पॅथेटिक साँग’ घेतले. त्यातील गायिका गळ्यापासून पायघोळापर्यंत वस्त्रांत झाकलेली आहे.

काही महिन्यांतच, १८८६च्या आरंभी, विद्यार्थिनी असलेल्या वर्गात एकिन्सने पुरुष मॉडेलचे कटिवस्त्र दूर केले. फेब्रुवारीत त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याला निव्वळ हुतात्मा ठरविणे सोपे आहे. परंतु त्याच्या वर्तनाविषयी इतरही तक्रारी होत्या आणि त्या करणाऱ्यांत त्याचे निकटवर्तीयही होते. दुसरीकडे, काही विद्यार्थ्यांनी अकादमी सोडून स्वतंत्र वर्ग काढला व तेथे त्यालाच शिकवावयास बोलावले.

१९१६ साली तो वारला तेव्हा चित्र घरीच होते. पुढे त्याच्या पत्नीने त्यास ‘द ओल्ड स्विमिंग होल’ असे नाव दिले. त्या नावाने प्रौढ पुरुषांचे हे चित्र जणू बालपणीच्या आठवणींत जाऊन बसले आणि निरुपद्रवी झाले. १९२५ मध्ये ते टेक्सासमधील फोर्ट वर्थला गेले. १९९० मध्ये तेथीलच एमन कार्टर संग्रहालयाने ते सुमारे १ कोटी डॉलरना विकत घेतले. आता त्याखालच्या पाटीवर चित्रकाराने दिलेलेच नाव आहे: ‘स्विमिंग’.