शिरपेच ते फडकी : जव्हार-मोखाड्यातील कपड्यांचे शब्द

'तुमचे मराठी फार चांगले आहे हो!' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तरीही ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, त्याला अंगणात उभे करून पाणी दिल्यासारखे वाटते. काही वर्षांपूर्वी एका सभेत आम्ही श्रोत्यांत बसलो होतो. वक्ते मराठी भाषेतील 'यवनी' शब्द वेचून बाहेर काढावेत, असे आवेशाने सांगत होते. वक्त्यांच्या अंगात सदरा होता, खाली पायजमा होता, खांद्यावर सत्काराची शाल होती आणि घाम पुसायला हातात रुमाल होता. हे चारही शब्द बाहेर काढले असते तर सभा आवरती घ्यावी लागली असती. आम्ही हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकले नाही. कपड्यांचे शब्द कुठून आले, कोणी आणले आणि कोणाच्या अंगावर रुजले, हे एकदा नीट पाहावे, असे तेव्हापासून मनात होते.

कपड्यांच्या शब्दांचा शोध घ्यायचा तर लोक पैठणला किंवा औरंगाबादेला जातात. तिथे पैठणी आहे, हिमरू आहे, शरियतने 'जायज' ठरवलेले म्हणून मशरू म्हटलेले, आतून सुती आणि वरून रेशमी कापड आहे. आम्ही मुद्दाम उलट्या दिशेला गेलो. जिथे माणसाच्या अंगावर कपडा सर्वांत कमी होता तिथले शब्द आम्हाला पाहायचे होते. म्हणून जव्हार आणि मोखाडा. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेले आणि त्या दिवसापासून पालघर जिल्ह्यात गेलेले हे दोन तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही भूमी. वर्तमानपत्रांना ती कुपोषणाच्या बातमीपुरती आठवते.

जव्हार हे मुकणे या कोळी घराण्याचे संस्थान. ठाण्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे, की दिल्लीच्या सुलतानाने या घराण्यातील धुळबारावांना राजा म्हणून मान्यता दिली आणि 'निमशहा' हा किताब दिला. तो दिवस ५ जून १३४३. या दिवसापासून जव्हारने आपला स्वतंत्र शक सुरू केला आणि दरबारी कागदांवर तो पुढे शतकानुशतके वापरला. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका आदिवासी राजाचा कालगणनेचा आरंभ दिल्लीहून आलेल्या फार्सी वळणाच्या किताबापासून होतो, हे आम्हाला विशेष वाटते. फार्सीत 'नीम' म्हणजे अर्धा. मराठीत आपण 'निमसरकारी' म्हणतो तो हाच. आणि 'जामानिमा' म्हणतो त्यातही तोच आहे. जामा म्हणजे लांब अंगवस्त्र, निमा म्हणजे त्याच्याखाली घालायचे आखूड, अर्धे वस्त्र. दोन्ही वस्त्रे अंगावरून गेली, शब्दांची जोडी मात्र टिकली. आजही लग्नाला निघालेल्या माणसाला 'जामानिमा करून कुठे निघालात?' असे आपण विचारतोच.

जव्हारजवळ शिरपामाळ नावाचे ठिकाण आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांनी इथे मुक्काम केला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला, म्हणून हे नाव पडले, असे या भागात सांगतात. आम्ही त्या माळावर उभे राहून या शब्दाचाच विचार करीत होतो. मूळ फार्सी शब्द 'सरपेच'. 'सर' म्हणजे डोके, 'पेच' म्हणजे वळसा. मराठीने 'सर' काढून तिथे आपला 'शिर' बसवला आणि 'पेच' तसाच ठेवला. भाषाशास्त्राच्या हिशेबाने संस्कृत 'शिर' आणि फार्सी 'सर' हे मुळात चुलतभाऊच. कोळी राजा, मराठा राजा आणि त्यांच्यामधला मान अर्धा मराठी, अर्धा फार्सी. शब्दाने वाद घातला नाही, तर वाद आपण कशासाठी घालायचा?

याच महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला, हे आम्ही विसरलेलो नाही. सुमारे १३८० दरबारी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. नव्या राज्याला स्वतःची कारभाराची भाषा हवी होती, ती गरज समजण्यासारखी आहे. तिला द्वेषाचा रंग फार नंतर चढवला गेला. पण कचेरीतला शब्द हुकमाने बदलता येतो, अंगावरचा बदलत नाही. सदरा सदराच राहिला. अरबीत 'सद्र' म्हणजे छाती, छाती झाकणारा तो सदरा. वाड्याची 'सदर' हीदेखील त्याच धातूची. पायजमा म्हणजे पायाचा जामा. रुमाल म्हणजे 'रू', चेहरा, पुसणारा. मराठीने तर रुमालाला चेहऱ्यावरून उचलून डोक्याला गुंडाळला आणि पुढे त्यात सरकारी कागद बांधले. पेशवे दप्तराची मोजदाद आजही रुमालांनी होते. मराठ्यांचा इतिहास ज्या फडक्यात बांधलेला आहे, त्या फडक्याचे नाव फार्सी आहे.

हे सारे राजेरजवाड्यांचे आणि कारकुनांचे झाले. मोखाड्याच्या आठवडे बाजारात आम्हाला दुसरीच यादी मिळाली. एका कापडाच्या दुकानापुढे बसलेल्या वृद्ध आजींना आम्ही त्यांच्या तरुणपणी काय नेसत असत ते विचारले. त्या म्हणाल्या, एक लुगडे आणि एक फडकी. लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसायचे, फडकी अंगावरून घ्यायची. दुसरे लुगडे नसेल तर धुतलेले सुकेपर्यंत घराबाहेर पडायचे नाही. पुरुषांचे काय, तर लंगोटी, कमरेला करगोटा, डोक्याला मुंडासे. पैसे असले तर बंडी. थंडीला घोंगडी, ती नसली तर शेकोटी. पावसाला पानांचे इरले. एवढे सांगून झाल्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, बंडीला खिसा असायचा.

हा खिसा आमच्या चांगला लक्षात राहिला. 'कीसा' म्हणजे पिशवी. अरबी-फार्सीतून आलेला हा शब्द. लंगोटीला खिसा नसतो, कारण ज्याला बाजार नाही त्याला खिशाची गरज नाही. बंडीबरोबर खिसा आला, खिशाबरोबर पैसा, आणि पैशाबरोबर उधारी.

जव्हार-मोखाड्याच्या मुसळधार पावसात आणि उतारावरच्या जमिनीत नागली होते, वरई होते, भात होतो. कापूस होत नाही. सावरीला कापूस धरतो, पण त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत. त्याची उशी भरता येते, सूत निघत नाही. अंबाडीचा वाख, केवणीची साल, आपट्याची साल यांचे दोर होतात, दावी होतात. नेसायला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे या डोंगराने दोर स्वतःचा वळला, पण कपडा नेहमीच घाटावरून किंवा खालून बाजारातून आणला. त्र्यंबकच्या वाटेने नाशिक, वाड्याच्या वाटेने भिवंडी. कपडा ज्या वाटेने चढला त्याच वाटेने त्याचे शब्दही चढले. अस्तर, मगजी, चादर, जरी, गज हे शब्द जंगलात उगवलेले नाहीत. ते गाठोड्यातून आलेले आहेत.

पण व्यवहार एकतर्फी नव्हता. गाठोडे वर चढत होते तसे जंगलातून काहीतरी खाली उतरत होते. आमच्या रंगरेजांची आणि छिप्यांची भट्टी ज्यावर चालायची ते हेच. हिरडा घ्या. त्याच्या काढ्यात बुडवून उन्हात वाळवलेले कापड पिवळसर पडते आणि मगच रंग धरायला तयार होते. त्यावर लोहाचे पाणी पडले की काळा उठतो. तुरटीचा ठसा मारून मंजिष्ठेत किंवा आलीच्या मुळीत उकळले की लाल उठतो. हिरडा नसेल तर छापील कापडाचा रंग पहिल्या धुण्यात जाईल. दुसरा कात. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, रस आटवून त्याच्या वड्या पाडायच्या, हा कातकऱ्यांचा धंदा. त्यांचे नावच त्यावरून पडले. कातकऱ्यांच्या कातात कोळ्यांची जाळी आणि गलबतांची शिडे रंगत होती, छपाईचा तपकिरी रंगही त्यातूनच मिळत होता. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारने जंगले राखीव केली आणि खैर तोडणे गुन्हा झाला. कातकऱ्याच्या हातून कात गेला, नाव तेवढे राहिले.

रंगांच्या नावांत तर देवघेव किती खोल आहे पाहा. नीळ हा आपला संस्कृत शब्द. तो अरबीत 'अन्‌-नील' झाला, पोर्तुगिजांनी त्याचा 'अनिल' केला आणि त्यावरून युरोपच्या रसायनशास्त्रज्ञांनी 'ॲनिलिन' हे नाव घेतले. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने ॲनिलिनपासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि निळीची शेती बसली. आपलाच शब्द परदेशी जाऊन परत आला तो आपल्या रंगाऱ्याची चूल विझवायला. किरमिजी हा शब्द अरबी 'किर्मिज'वरून, म्हणजे किड्यापासून काढलेला लाल. त्याच्या मुळाशी जो 'किर्म' आहे तो आपल्या 'कृमी'चा सख्खा. गुलाबी, बदामी, आसमानी, फिरोजी, खाकी ही नावे फार्सीतून आलेली. अंजिरीचेही फळ तिकडचेच. त्यांच्या शेजारी डाळिंबी, मोरपंखी, जांभळा मुकाट्याने नांदतात. कोणत्याही साडीच्या दुकानात बाई या साऱ्यांना एका दमात हाक मारते.

गाठोडे बांधणाऱ्या हातांविषयीही लिहिले पाहिजे. कापूस पिंजणारा पिंजारी. त्यालाच दक्षिण महाराष्ट्रात नदाफ म्हणतात आणि अरबीत 'नद्दाफ' म्हणजे कापूस पिंजणाराच. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आले, मालेगावला आणि भिवंडीला स्थिरावले. मालेगावची रंगीत सुती लुगडी खेड्यापाड्यांतल्या मराठी बायकांसाठी विणली जात होती. विणणाऱ्याच्या घरात उर्दू, पण त्याच्या मागावर मराठी काठ आणि मराठी पदर. पदर कुठे सुरू होतो, काठ किती बोटे हवा, हे त्याला गिऱ्हाइकाच्या भाषेतच शिकावे लागले. मराठी शिकण्याचा याहून प्रामाणिक मार्ग आम्हाला माहीत नाही.

मात्र एवढेच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. या डोंगरात कपडा पोहोचवणारे सारेच निर्मळ हातांचे नव्हते. खाली डहाणू-उंबरगाव भागात लग्नाच्या खर्चासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली जोडप्यांना 'लग्नगडी' म्हणून सावकाराच्या घरी राबावे लागे. १९४५ च्या वारली उठावाने ती वेठ मोडली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. एका लुगड्याची किंमत कधीकधी आयुष्याने फेडावी लागे. सावकार, ठेकेदार, दुकानदार यांच्यात सगळ्या जातिधर्मांचे लोक होते. त्यात आपले कोणी नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. सहजीवनाचा इतिहास सांगताना उधारीची वही लपवून ठेवणे बरे नाही.

आज मोखाड्याच्या बाजारात कृत्रिम धाग्याच्या साड्या आहेत, मुलींसाठी सलवार-कमीज आहे, मुलांसाठी जीन्स आहे. फडकी शोधावी लागते. तिकडे शहरात मात्र वारली चित्रांच्या साड्या मोठ्या किमतीला विकल्या जातात. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे ही कला जगभर पोहोचली याचा आनंदच आहे. पण ज्या बाईच्या अंगावर पुरते लुगडे नव्हते तिच्या भिंतीवरची चित्रे आता इतरांच्या पदरावर आहेत, हेही दिसत राहते.

मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या कोशात अनेक मराठी शब्दांपुढे ते संस्कृतचे, फार्सीचे की अरबीचे याची खूण केली. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला. दोघांनीही शब्दांची कुळी सांगितली, त्यांना घराबाहेर काढले नाही. वारली, कोकणा, कातकरी स्त्रियांच्या तोंडचे कपड्यांचे शब्द मात्र अजून पुरते कोणी टिपून ठेवलेले नाहीत आणि सांगणाऱ्या आजी आता थोड्या उरल्या आहेत. आपल्या घरचेही तेच. आमची आजी नऊवारी लुगडे नेसून नमाज पढायची. तिच्या पेटीत लुगडे, चोळी, ओढणी आणि इजार एकावर एक घडी घालून ठेवलेली असत. त्यात कोणता शब्द कुठल्या धर्माचा, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. तो आमच्या मुलांना पडू लागला आहे. शाळेत एक सांगतो मराठी तुमची नाही, मोहल्ल्यात दुसरा सांगतो मराठी आपली नाही. दोघांच्याही अंगात सदराच असतो.

मोखाड्याहून निघताना त्या आजींनी आम्हाला विचारले, 'एवढां लिहून कुणाला दाखवणार?' आम्ही म्हणालो, आमच्या लोकांना. त्यांनी मान हलवली आणि पदर सावरून त्या उठल्या. वाचकांनी आता एवढेच करावे. घरी जुनी पेटी असेल तर उघडावी, आत जे असेल त्याची नावे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावीत आणि ती सांगेल तशीच लिहून ठेवावीत.