दारफाळणीचा सण
१. दारफाळणीचा सण : योम किप्पूर. ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी, साधारण भाद्रपद-आश्विनात, बेने इस्राएल (कोकणातील ज्यू) कुटुंबे दारे लावून, पांढरे कपडे घालून कडक उपास करीत. त्याच महिन्यात नव्याचा सण (रोश हशाना) आणि खिरीचा सण. खीर नव्या धान्याची, नारळाच्या रसातली. मटणाच्या पंगतीत दूध वर्ज्य, तेव्हा हा कोकणी उपाय फार सुंदर. लेखिकेची आजी हे सारे चुलीपाशी शिकवते. मुंबईत पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये, ठाण्याचे 'शआर हाशामाईम' १८७९ मध्ये झाले. त्याआधी पिढ्यानपिढ्या धर्माचे शिक्षण मुख्यतः घरातच होई. मजकुरातला 'शिळा सण' म्हणजे उपासानंतरचा दिवस : दानधर्म, भेटीगाठी. – संपा.