कोटणीसांच्या नावातली झाडं

सोलापुरात १९१० साली द्वारकानाथ कोटणीस जन्मले. मुंबईत डॉक्टर होऊन सप्टेंबर १९३८ मध्ये ते काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला निघाले. जपानशी झुंजणाऱ्या त्या देशात त्यांना नवं नाव मिळालं : ख दी-ह्वा. ऐकायला कोटणीसांचाच तुटका उच्चार. कागदावर मात्र त्यात दोन झाडं उभी आहेत.

चिनी लिपीत झाडाचं चिन्ह ‘मू’. एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी, आणि खाली फाकलेल्या मुळांसारख्या दोन तिरप्या. अशा चिन्हांना चिनीत ‘बूशौ’, जपानीत ‘बुशू’ म्हणतात. मराठीत मूलचिन्ह म्हणू. इ. स. १०० च्या सुमारास शू शन यांनी आपल्या कोशात ५४० मूलचिन्हांखाली नऊ हजारांवर अक्षरं लावली. १७१६ च्या खांगशी कोशात ती २१४ आहेत. त्यात ‘मू’ पंचाहत्तरावं.

कोटणीसांच्या ‘ख’मध्ये डावीकडे झाड आणि उजवीकडे नुसता उच्चार सुचवणारा भाग आहे. कोशात हे अक्षर शोधायचं तर आधी ‘मू’ गाठायचं, मग उरलेल्या रेघा मोजायच्या : पाच. ‘दी’साठी आठ. ‘ख’ म्हणजे डहाळी किंवा कुऱ्हाडीचा दांडा, आणि चिनी लोकांत ते आडनावही आहे. ‘दी’ हे एका फुलझाडाचं नाव. प्राचीन ‘शी-चिंग’ या काव्यसंग्रहापासून ते बंधुप्रेमाशी जोडलेलं आहे. परक्या डॉक्टरसाठी याहून नेमकं अक्षर सुचणं कठीण.

पूल, उशी, पेला, मेज यांच्या अक्षरांतही हेच झाड आहे, कारण या वस्तू एकेकाळी लाकडाच्या असत. शाळेच्या अक्षरातही ते सापडतं. शू शन यांनी त्या अक्षराचा अर्थ कैद्याचा लाकडी खोडा असा दिला आहे. विद्यार्थ्यांना हे कळलेलं बरं की न कळलेलं, कोण जाणे!

पण मूलचिन्ह दरवेळी अर्थच सांगतं असं नाही. पथकातले देबेश मुखर्जी यांच्या चिनी नावाची सुरुवात अख्ख्या ‘मू’नेच होते, आणि तिथे झाडाचा काही संबंध नाही, ‘मुखर्जी’तला ‘मु’ तेवढा हवा होता.

अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी या पथकातल्या पाचही जणांच्या नावांच्या शेवटी ‘ह्वा’ आलं. ‘ह्वा’ म्हणजे चीन. ऑगस्ट १९४२ मध्ये कोटणीस आणि त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान यांना मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा : भारत-चीन. त्याच डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस गेले.

तेव्हा ‘ह्वा’च्या माथ्यावर गवताचं मूलचिन्ह असे, कारण अक्षराचा जुना अर्थ फूल. १९५६ च्या लिपीसुधारणेत ते गवत उडालं आणि खाली ‘दहा’चं चिन्ह आलं. चीनमधल्या आजच्या कोशात ‘ह्वा’ त्याच ‘दहा’खाली सापडतं, तैवानमध्ये मात्र ते अजून गवतासकटच लिहितात.