फुजिकुरा : गोफापासून काचतंतूपर्यंत

टोकियोत मुख्यालय असलेली ‘फुजिकुरा’ ही जपानमधील विद्युत तारा व केबल बनविणाऱ्या सर्वांत जुन्या कंपन्यांपैकी एक होय. झेंपाची फुजिकुरा यांनी १८८५ मध्ये या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली. त्यापूर्वी ते स्त्रियांच्या केशभूषेसाठी गोफ विणत असत. जपानमध्ये विजेचे दिवे नुकतेच येत होते आणि तारांना आवरणाची गरज होती. गोफ विणण्याचे कौशल्य वापरून त्यांनी तांब्याच्या तारांवर रेशीम व सूत चढविण्यास प्रारंभ केला. पुढे रबरी आवरणाच्या तारांची भर पडली. १९१० मध्ये या व्यवसायाला कंपनीचे स्वरूप आले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरसंचारासाठी तांब्याला काचेचा पर्याय पुढे आला. जपानचे तत्कालीन सरकारी दूरध्वनी महामंडळ तसेच सुमितोमो व फुरुकावा या प्रतिस्पर्धी कंपन्यांसह फुजिकुराने १९७७ मध्ये ‘व्हीएडी’ पद्धत विकसित केली. तीत फिरत्या दांड्याच्या टोकावर काचेचे सूक्ष्म कण साचवून त्यापासून प्रकाशीय तंतू काढण्याचा जाड काचदंड तयार होतो. तंतूंची टोके वितळवून जोडणाऱ्या यंत्रांमुळेही कंपनी जगभर ओळखली जाते.

ही वाटचाल मात्र सदैव चढती नव्हती. मार्च २०२० अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीला मोठा तोटा झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरनी तिला सावरले. तेथे थोड्या जागेत हजारो तंतू लागतात. फुजिकुराने एकाच केबलमध्ये ६,९१२ तंतू बसविले. २०२४ मध्ये ‘निक्केई २२५’ निर्देशांकात सर्वाधिक वाढ याच कंपनीच्या समभागाने नोंदविली.