दुसरी तार

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी इंटरनेटचा इतिहास लिहायचा, तर तो संगणकापासून नव्हे, टेलिफोनच्या तारेपासून सुरू करावा लागतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा महानगरांत. जिथे असे केंद्र नव्हते, तिथल्या माणसाने एसटीडी लावावी आणि मीटरकडे पाहत बसावे.

१९९८ च्या व्ही.९० मानकाने मोडेमचा वेग सेकंदाला ५६ हजार बिटांपर्यंत नेला. एका मेगाबाइटचे, स्कॅन केलेले जुन्या मासिकाचे पान उतरवायला कागदोपत्री अडीच मिनिटे. आम्हांला कितीतरी अधिक लागत. यावरचा उपाय मात्र आधीच निघालेला होता. दोन मोडेम, दोन तारा, आणि दोन्ही मिळून एक रस्ता. 'मल्टिलिंक पीपीपी' हे त्याचे नाव. १९९४ मध्ये त्याचे मानक लिहिले गेले, १९९६ मध्ये सुधारले गेले. विंडोज ९८ मध्ये ती सोय आयतीच होती. माहितीचे तुकडे करायचे, त्यांवर अनुक्रमांक घालायचे, काही या तारेने, काही त्या तारेने धाडायचे आणि पलीकडे ओळीने जुळवायचे. पोथीची सुटी पाने दोन टपालवाल्यांच्या हाती द्यावीत, तसे. पण पलीकडच्यालाही ती पाने लावता यायला हवीत. सेवा देणाऱ्याकडे ती व्यवस्था नसेल, तर दुसरा मोडेम केवळ शोभेचा.

आणि दुसरी तार आणायची कोठून? एका फोनसाठी अर्ज करून वर्षे मोजण्याचा तो काळ. दुसरी तार म्हणजे दुसरे भाडे, दुसरे बिल.

त्याच १९९८ साली वारणा खोऱ्यात नेमका उलटा प्रयोग झाला. कोल्हापूर-सांगलीकडची सुमारे ७० गावे संगणकांनी जोडली गेली. एका माणसासाठी दोन तारा नव्हेत, अनेक ऊस उत्पादकांसाठी एक संगणक. आम्हांला हा विचार अधिक शहाणपणाचा वाटतो.

खरी गंमत पुढे आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग ठरवला २५६ हजार बिट, म्हणजे जवळजवळ पाच मोडेमांइतका. तो घरोघरी आला बहुधा त्याच जुन्या तांब्याच्या जोडीवरून! मोडेम त्या तारेचा केवळ आवाजापुरता पट्टा वापरीत होता. वरच्या कंप्रता मोकळ्याच पडून होत्या. अरुंद तार नव्हतीच, अरुंद होते एक्स्चेंज. अर्थात अंतर वाढले की ही करामतही ओसरते. एक्स्चेंजपासून पाचेक किलोमीटरांपलीकडच्या शेतवस्त्यांना तिचा लाभ मिळणे अवघडच होते.